एका एअर फ्रायरची रीतसर खरेदी

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आमच्या ह्यांना माझ्या कष्टांची जाणीव झाली. लग्नाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. त्या मानाने लवकरच म्हणायची.

हे जालन्याच्या एका सरकारी कार्यालयात खरेदी विभागात होते. बदनापूरहून रोज रेल्वेने जायचे, रेल्वेनेच यायचे. कार्यालयाच्या खुर्च्या, पंखे, कपाटं, कूलर, सगळं ह्यांच्या हातून घेतलं गेलं. घरातला साधा झारासुद्धा ह्यांनी कधी घेतला नव्हता. तो विभाग माझ्याकडे होता. मी जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझ्या नोकरीची अजून चार वर्षं बाकी आहेत. म्हणजे ह्यांचा आराम सुरू झाला होता आणि माझं सकाळी पाचला उठणं चालूच होतं.

तर त्या संध्याकाळी मी भजी तळत होते. ह्यांनीच मागितली होती. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, कढईकडे बघून हळहळले आणि म्हणाले, "अगं, किती तेल जाळून राह्यलीस. उभी राहून राहून तुझे पाय दुखत असतील. आपण एअर फ्रायर घेऊ."

मला भरून आलं. मग हे म्हणाले, "तोपर्यंत अजून चार टाक. कडक होऊ दे जरा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर नवी वही आली. पट्टीने रेघा ओढून तुलनात्मक तक्ता तयार झाला. क्षमता, वॅट, भांड्याचा आकार, बटण की टच, हमी, दुरुस्तीची सोय, किंमत आणि शेवटी शेरा. नऊ कंपन्यांची यंत्रं एकाखाली एक बसवली होती. खर्चाची मर्यादा पाच हजार, तिला मंजुरी कुणी दिली ते मला कळलं नाही.

मी तक्ता वाचून विचारलं, "यात स्वयंपाक कोण करणार, असा रकाना कुठाय?"

"ते गृहीत धरलंय," हे म्हणाले.

पंधरा दिवस गाडी लिटरवर अडली. घरात आम्ही दोघं. मुलगी पुण्याला, ती दिवाळीला येणार आणि वजन वाढतं म्हणून काही खाणार नाही. ह्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचं मत पडलं की दोन लिटर पुष्कळ. मग कुंभार पिंपळगावहून नणंदेचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला, कारण मत जाहीर नोंदलं जावं.

"सहा लिटरच्या खाली अजिबात घेऊ नको दादा," नणंद म्हणाली. "पावणे आले मंग?"

आमच्याकडे वस्तू पाहुण्यांच्या मापाने घ्यायची पद्धत आहे. घरातली माणसं काय, कशातही खातात.

"सहा लिटर म्हणजे किती भजी?" ह्यांनी मला विचारलं.

"भजी लिटरवर मोजत नाहीत," मी म्हटलं आणि शाळेला गेले. परत आले तर ओट्यावर पाणीच पाणी. ह्यांनी दुधाच्या मापाने कढई भरून तिची क्षमता काढली होती. साडेतीन लिटर. ती ओतून टाकताना ह्यांना कढई पहिल्यांदाच खालून दिसली असावी, कारण तिचं बूड काळं आहे ही गोष्ट ह्यांनी मला फार गंभीरपणे सांगितली.

शेवटी एका रविवारी आम्ही जालन्याला गेलो. ह्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत स्टीलचा डबा. मला वाटलं जेवणाची सोय केली. मला पुन्हा जरा भरून आलं.

दुकान मोठं होतं. आत एका टेबलाशी एप्रन घातलेली चाळिशीची बाई गिऱ्हाइकांना यंत्र चालवून दाखवत होती. पाकिटातल्या बटाट्याच्या गोठवलेल्या काड्या आत टाकायच्या, घंटी वाजली की बाहेर काढायच्या, टूथपिक टोचून वाटायच्या. ह्यांनी एक काडी खाल्ली आणि मान हलवली.

"हे आमच्याकडं कोणी खात न्हाई," हे म्हणाले. "आम्ही भजी खातो." आणि पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

डब्यात भज्यांचं कालवलेलं पीठ होतं. सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा ह्यांनी स्वतः कालवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

"काका, ओलं पीठ यात चालत नाही," ती बाई म्हणाली. "खाली जाळी असते."

"नमुना तपासल्याशिवाय मी एक पंखा घेतला न्हाई कधी. तुम्ही टाका."

ह्यांचा समज असा झाला की ती यंत्रातला दोष लपवते आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फ्रीज बघायला सुरुवात केली होती. एका फ्रीजचं दार मी तीन वेळा उघडून बंद केलं. इकडे ती बाई बिचारी चांगली होती किंवा दिवसभर उभी राहून दमली होती, तिने खरंच चमच्याने पीठ सोडलं आणि यंत्र चालू केलं.

पाच मिनिटांनी करपल्याचा वास आला. भांडं ओढलं तर जाळीवर नुसता कांदा उभा होता आणि सगळं पीठ गळून खाली एक चपटं, पिवळं धिरडं झालं होतं. गर्दी जमली. दुकानाचे व्यवस्थापक धावत आले. हे मात्र समाधानी.

"पाह्यलं? म्हणून नमुना तपासायचा असतो," असं म्हणून ह्यांनी त्या धिरड्याचा तुकडा मोडून व्यवस्थापकांनाच दिला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही अशी त्यांना शिकवण असावी. त्यांनी तो चावला, गिळला आणि म्हणाले, "चव चांगली आहे सर."

ती बाई जाळी खरवडत होती. खरवडता खरवडता तिने मला विचारलं, "काकू, तुमच्याकडे रोज काय काय होतं?"

महिनाभर चाललेल्या या खरेदीत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी सांगत गेले. रोज कुटासाठी शेंगदाणे भाजते. आठवड्यातून दोनदा वांग्याचं भरीत. उपासाला रताळी. मिरच्या. भजी होतात महिन्यातून एकदा, पाऊस आला किंवा साहेबांना आठवण आली तर.

"मग चार लिटर पुरे तुम्हाला," ती म्हणाली. "चौकोनी भांड्याचं घ्या, वांगी आडवी बसतात. गोल घेतलं की कोपऱ्यातली जागा जाते. आणि टचच्या मागे लागू नका. साधं फिरवायचं बटण घ्या, ओल्या हाताने पण फिरतं. भजी कढईतच करा महिन्यातून एकदा." मग तिने ओट्याची रुंदी विचारली. यंत्राच्या मागून गरम हवा येते, भिंतीपासून वीतभर तरी सोडावं लागतं. वर फळी असेल तर तीही बघावी लागते. "आणि जाड पिनांचा प्लग आहे ना ओट्याजवळ?"

ह्यांनी वही उघडली. नऊ कंपन्या, आठ रकाने. प्लगचा रकाना नव्हता.

"हाय ना आपल्या ओट्याजवळ प्लग?" ह्यांनी मला विचारलं.

"नाही."

"न्हाई? मंग मिक्सर कुठं लावतीस?"

"फ्रीजच्या मागच्या प्लगला. खाली जमिनीवर बसून."

"कव्हापासून?"

"घर बांधल्यापासून."

घर बांधून बावीस वर्षं झाली आहेत. ती बाई खाली मान घालून जाळी पुसू लागली, जी आधीच स्वच्छ झाली होती. मला राग आला नव्हता, लाज वाटली. जमलेल्या अनोळखी माणसांपुढे आपल्या घराचं काहीतरी उघडं पडल्यासारखं झालं. त्या दिवशी आम्ही काही घेतलं नाही. रिकामा डबा घेऊन स्टेशनवर आलो.

गाडी सुटल्यावर हे म्हणाले, "सांगायचंस की."

"सांगितलं होतं."

"कव्हा?"

"पुष्कळदा. तोंडी सांगितलं. लेखी मागणी करायची राहिली."



दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शाळेला निघायच्या आधी, वायरमन दारात हजर. ह्यांनी रात्रीच फोन केला होता. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि मला विचारलं, "मॅडम, इतके दिवस का न्हाई करून घेतलं? दोन तासांचं काम हाय."

मी म्हटलं, "मिक्सरसाठी कोण भिंत फोडतं? आता मोठी पाहुणी येणार आहे."

ह्यांनी ऐकलं. 

संध्याकाळी मी घरी आले तर ओट्याच्या वर दोन प्लग होते, भिंतीला ओलं सिमेंट होतं आणि मिक्सर ओट्यावर उचलून ठेवला होता. पुसून. मी हातपाय धुतले आणि शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली. उभ्याने. तेव्हा मात्र राग आला, आणि असा आला की डोळ्यांत पाणी आलं. दोन तास. बावीस वर्षं गुडघे मोडून बसले ते दोन तासांच्या कामासाठी. चटणी केव्हाच बारीक झाली होती, तरी मी मिक्सर थांबवला नाही.

बाहेरून हे ओरडले, "झालं का न्हाई?"

"अजून नाही," मी म्हटलं.

यंत्र पुढच्या आठवड्यात आलं. चार लिटर, चौकोनी, फिरवायच्या बटणाचं. हे एकटेच जाऊन घेऊन आले, त्याच बाईकडून. पहिल्या दिवशी ह्यांनी आत पापड टाकला. आतल्या पंख्याने तो उडवला, वरच्या तापलेल्या तारेला चिकटवला आणि पेटवला. वहीत नोंद झाली: पापड, नापास. शेंगदाणे मात्र उत्तम भाजले जातात, हे मला कबूल करावं लागेल. वांगीही. अर्थात वीज असेल तेव्हा. इन्व्हर्टरवर ते चालत नाही, हाही रकाना राहून गेला होता.

पण खरा फायदा कुठल्याच तक्त्यात नव्हता. इतक्या अभ्यासाने घेतलेलं यंत्र माझ्या हातून बिघडेल, असं ह्यांना वाटतं. म्हणून मी त्याला हात लावायचा नाही असा अलिखित आदेश आहे. मी त्याचं पालन करते. परिणामी शेंगदाणे ह्यांच्याकडे, वांगी ह्यांच्याकडे, आणि भांडं इतर कुणी घासलं तर त्याचा आतला नॉनस्टिक थर निघतो म्हणून घासणंही ह्यांच्याकडे. एकदा हे म्हणाले, "तुला जमणार न्हाई ते बटण." मी म्हटलं, "खरंच, फार अवघड दिसतं." मी रोज चाळीस पोरांना भागाकार शिकवते.

परवा उपास होता. शाळेतून आले तर ह्यांनी रताळी लावून ठेवली होती. बशीत वाढून समोर उभे राहिले.

"कशी झाली?"

"आतून कच्ची आहेत."

ह्यांनी बशी परत नेली, रताळी आत टाकली, बटण पाच मिनिटांवर फिरवलं आणि खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले. मलाही दुसरी खुर्ची दिली. या वेळेला मी नेहमी शेगडीपाशी असते, त्यामुळे काय करावं ते मला सुचेना. मी बसले.

"आज काय झालं शाळेत?" ह्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. पटसंख्येचं सांगितलं, नव्या मुख्याध्यापकांचं सांगितलं, सहावीतल्या एका मुलीने फळ्यावर काढलेल्या माझ्या चित्राचं सांगितलं. मध्येच घंटी वाजली. हे उठले नाहीत, म्हणाले, "मंग? पुढं?"