वाचून दाखवणारं प्लग-इन

माझ्या भाचीला घरात सगळे ठिणगी म्हणतात. शाळेत स्वतःसाठी ती कधी भांडली नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीवर खोटा आळ आला, तेव्हा मात्र बाईंशी भांडून दिवसभर वर्गाबाहेर उभी राहिली, तीही मान ताठ ठेवून.

आता ती टायरच्या दुकानावरच्या एका ऑफिसात लिनक्स प्रणालीवर चालणारी संगणक-यंत्रं सांभाळते. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला दिसत नाही. प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरला एक प्लग-इन जोडलेलं असतं, ते तिच्या कानात ओळ वाचून दाखवतं, चूक कुठे ते सांगतं. त्याच्या जोरावर ती झपाझप काम करते. तिची नोकरी मात्र अजून पक्की नव्हती, परीक्षेचा काळ चालू होता.

लिनक्सवर सॉफ्टवेअर येतं ते पॅकेज व्यवस्थापक नावाच्या प्रोग्रॅमकडून. काय बसवलं, कशाला काय लागतं, याची खबर त्याला असते. पण प्रोग्रॅम लिहायच्या त्या सॉफ्टवेअरनं स्वतःचंच एक दुकान उघडलेलं. बटण दाबलं की प्लग-इन मागच्या दारानं आत, आणि व्यवस्थापकाला पत्ता नाही.

एका सकाळी घाईबुवा नावानं ओळखल्या जाणाऱ्या जुन्या सहकाऱ्यानं ते बटण दाबलं. त्याला पडद्याचे नवे रंग हवे होते. मुख्य पासवर्ड साहेबांनी सगळ्यांना वाटलेला, 'काम अडायला नको' म्हणून. रंगांसोबत सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये येऊन बसली, आणि वाचणारं प्लग-इन तिच्याशी जुळेना म्हणून गुपचूप बंद पडलं. शेजारणीच्या कानात शुकशुकाट.

व्यवस्थापकाकडे त्या प्लग-इनची नोंदच नव्हती. काय बदललं हे शोधण्यात ठिणगीचे दोन दिवस गेले. साहेब आले, शेजारणीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिचं काम काहीच नाही. अहवालात काय लिहू?"

"लिहा, ऑफिसनं तिचे कान काढून घेतले!"

"आवाज खाली."

"तिचा तर बंदच झालाय, माझा तरी असू दे."

त्यानंतर ती इरेला पेटली. सॉफ्टवेअर आधीच्या आवृत्तीवर नेलं. एकेका प्लग-इनचं पॅकेज बांधून ते व्यवस्थापकाच्या नोंदीत आणलं. पासवर्ड बदलला, फोल्डरला कुलूप घातलं, ते दुकानाचं बटण काढून टाकलं. सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये अट लिहिली: जुळणारं वाचन-प्लग-इन तयार असेल तरच नवी आवृत्ती बसेल.

घाईबुवा तणतणत आला. "माझे रंग कुठायत?"

"पॅकेज करून देते. रांगेत या."

"आणि नवी आवृत्ती? एका माणसासाठी आम्ही सगळ्यांनी थांबायचं?"

"हो, थांबायचं! दोन दिवस ती थांबली, तेव्हा तुम्ही रंग बघत बसला होतात."

"अगं, मी काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतंत तर निदान तिची आठवण तरी झाली असती!"

आसपासच्या खुर्च्या वळल्या. तेवढ्यात शेजारीण उठून उभी राहिली. आवाज शांत होता, हात मात्र टेबलाची कड आवळून धरलेले.

"दोघंही गप्प बसा. बाई, तुला कुणी सांगितलं माझी वकिली करायला? आठवडाभर माझ्या नावानं भांडतेयस, मला एकदा तरी विचारलंस? पॅकेजची अट लिहिलीस, ती मला पुरते का हे मलाच विचारलं नाहीस. नव्या आवृत्तीत तुझं ते जुळणारं प्लग-इन वाचताना कंस गाळतं, आणि एक कंस चुकला की अख्खा प्रोग्रॅम अडतो. मी घरी चालवून पाहिलंय."

 ठिणगीचा रागानं लाल झालेला चेहरा हळूहळू वेगळ्याच लालीनं भरला.

"मग तू का नाही बोललीस?"

"बोलायला जागा ठेवलीस का?"

ठिणगीनं खुर्ची ओढली, तिच्या शेजारी टेकली. "त्या पॅकेजची जबाबदारी घेशील? तू हो म्हटल्याशिवाय नवी आवृत्ती कुणाच्याही यंत्रावर जाणार नाही."

"घेते. आणि माझं काम का अडलं ते साहेबांना मीच सांगते. तू चल हवं तर, पण तोंड उघडायचं नाही."

दोघी साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी शेजारणीच्या परीक्षेचा काळ महिनाभर वाढवला. नोकरी अजूनही पक्की केली नाही. बाहेर येताना ठिणगी इतकी धुमसत होती, की शेजारणीनं तिचा दंड घट्ट धरला आणि ती म्हणाली, "आता माझा राग मला करू दे. तू कंसांचं बघ."