सकाळच्या बातम्यांना कुलूप

पेईशानच्या दुकानात सकाळी सहाला ज्याला बसायला जागा मिळाली, त्याने मैदान मारलं म्हणायचं. तैवानमधल्या तुंगकांगच्या बंदरावर मासळीचा लिलाव संपला की हमाल, बर्फवाले, खलाशी आणि ज्यांना आता कुणी समुद्रावर नेत नाही असे म्हातारे, सगळे उपाशी पोटी त्या एका गल्लीत घुसतात. तव्यावर अंड्याच्या पोळ्या आणि मुळ्याच्या वड्या चरचरत असतात, सोयाबीनच्या दुधाचं पातेलं उतू जायच्या बेतात असतं, आणि हातात उलथनं धरून पेईशान एकाच वेळी चार गिऱ्हाइकांशी भांडत असते. गिऱ्हाइकं तिच्या पोळीसाठी येतात हे खरंच, पण निम्मी तरी तिच्या शिव्या खायला येतात.

ती मूळची समोरच्या ल्यूच्यू बेटावरची, होडीवाल्याची लेक. तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. नवरा च्याहाओ मासळीचा ट्रक घेऊन उत्तरेला जातो, तो दोन-दोन दिवस घरी नसतो. त्यामुळे सात वर्षांची आन-आन पहाटेपासून आईबरोबर दुकानात. शेवटच्या टेबलावर तिने खायचं, दप्तर भरायचं, आणि सातच्या पुढे आईच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत जायचं. आई तिला सोडून येईपर्यंत तवा शेजारची चुलतजाऊ सांभाळायची. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

दुकानात टीव्ही होता. न्याहारीच्या दुकानात टीव्ही नाही असं त्या गावात कुणी ऐकलेलं नाही, आणि टीव्हीवर बातम्या नाहीत असंही नाही. पन्नासच्या पुढे ओळीने बातम्यांचेच चॅनेल. कुणी सुरी काढली, कुणाच्या घराला आग लागली, कुठली गाडी कुठे आदळली, हे म्हाताऱ्यांना दुधाच्या घोटाबरोबर हवं असायचं. आणि हल्ली प्रत्येक गाडीत कॅमेरा! त्यामुळे अपघात नुसता ऐकायचा नाही, बघायचा. आधी साधा, मग हळू, मग ज्याचं काही बरंवाईट होणार आहे त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढून परत एकदा.

असाच एका ट्रकचा आणि एका स्कूटरचा अपघात आन-आनने पाहिला. आणि तिचे वडील रोज ट्रकवर, आई रोज स्कूटरवर. पेईशानचं लक्ष तव्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी सिग्नलला थांबल्यावर मागून बारीक आवाज आला, "आई, आपल्याभोवती लाल वर्तुळ कधी येतं?"

पेईशानला आधी कळेचना. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तेव्हा कळलं. पोरीला वाटत होतं की वर्तुळ आधी येतं आणि अपघात नंतर. त्या दिवसापासून आन-आन स्कूटरवर बसेना. ओढून बसवलं तर अंग ताठ करायची. वडील निघाले की ट्रकच्या पायरीला बिलगायची. मग पेईशान तिला चालत शाळेत नेऊ लागली, आणि ऐन गर्दीत इतका वेळ दुकान सोडल्याने चुलतजाऊची रोज त्रेधा उडू लागली.

त्याच सुमारास केबलवाला नवा डबा आणि नवं पॅकेज घेऊन गल्लीत आला. "ताई, कुटुंब पॅकेज! कार्टून, प्राणी, स्वयंपाक, बेसबॉल. शिवाय पालकांसाठी कुलूप. नको ते चॅनेल बंद, पासवर्ड फक्त तुमच्याकडे."

"लाव," पेईशान म्हणाली. "आणि पन्नासच्या पुढचे बातम्यांचे सगळे बंद कर. पहाटेपासून आठपर्यंत."

केबलवाला हसला. "अहो ताई, लोक ते शेवटचे चॅनेल बंद करायला सांगतात. ते... रात्रीचे. तुम्ही बातम्या काय बंद करताय?"

"ते रात्रीचे माझ्या दुकानात सकाळी पोळी खाताना कोण लावतंय? लावेल त्याच्या टाळक्यात उलथनं घालीन. तू बातम्या बंद कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर पेंग्विन आले, आणि दुकानात दंगल झाली.

सगळ्यात पुढे हुंग कप्तान. पंचाहत्तरी उलटली, तरी आवाज अजून वादळातला. टीव्हीच्या अगदी खालची खुर्ची त्यांची, ती जणू सातबाऱ्यावर नोंदलेली.

"मालकीणबाई, हे काय? बदकं?"

"पेंग्विन आहेत आबा."

"पंख असून उडत नाही ते बदकच. बातम्या लाव!"

"आठनंतर. तोवर पोरं असतात दुकानात."

"अगं, पोरांनी काय बघावं ते त्यांच्या आईबापांनी बघावं! ते काय दुकानाचं काम आहे?"

"मग मी कोण?" पेईशानने उलथनं त्यांच्याकडे रोखलं. "दुकानही मीच आणि आईही मीच. कुणाशी भांडायचंय ते आधी ठरवा."

कप्तानांनी त्या दिवशी पोळी अर्धी टाकली आणि समोर चिन-एच्या सुपारीच्या टपरीवर जाऊन बसले. तिच्याकडे लहानसा टीव्ही होता, पण खायला सुपारीशिवाय काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोट घेऊन परत आले. तोंड मात्र सोडून आले नाहीत. पेंग्विन गेले की स्वयंपाक, स्वयंपाक गेला की मासेमारीवरचा कार्यक्रम, आणि तो लागला की सगळे म्हातारे खुर्चीवरून उठून पडद्यालाच ओरडायचे, "अरे गाढवा, जाळं त्या बाजूने ओढतात का! दोर सोड, दोर सोड!" दुकानात इतका गोंगाट बातम्यांनीही कधी झाला नव्हता. आन-आन कधीमधी हसायचीही. पण स्कूटर पाहिली की मान फिरवायची.

मग टूना माशांचा मोसम सुरू झाला. पहिल्या माशाचा लिलाव टिपायला शहरातून एका बातम्यांच्या चॅनेलची मुलगी कॅमेरा घेऊन आली, न्याहारीला पेईशानकडे शिरली, आणि तिने कप्तान विरुद्ध पेईशान हा सामना डोळ्यांनी पाहिला. तिचं खाणं राहिलं बाजूला. "बातम्यांवर बंदी घालणारं न्याहारीचं दुकान!" म्हणत तिने तवा टिपला, पेंग्विन टिपले, कप्तानांची मुलाखत घेतली, पेईशानची घेतली. जाताना म्हणाली, "उद्या सकाळी सातच्या बातम्यांत बघा हं!"

ती गेल्यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. उद्या, सातला, बातम्यांत. आणि बातम्यांना कुलूप!

त्या रात्री गल्लीत कुणाचा डोळा लागला असेल असं वाटत नाही. सकाळी हुंग कप्तान केस कापून, होडीवरची जुनी टोपी घालून हजर. कडेवर चार वर्षांची नात, श्याओ-मी, तीही वेणीफणी करून. गल्लीत जे पेईशानकडे कधी पाणीही प्यायले नव्हते तेही दारात उभे. खुद्द पेईशाननेही ओठांना लाली लावली होती, आणि कुणी विचारू नये म्हणून सकाळपासून सगळ्यांवर जास्तच डाफरत होती.

"उघड ना मालकीणबाई! आजचा एक दिवस!"

"फोनवर बघा की."

"फोनवर?" कप्तान गरजले. "जन्मात एकदा टीव्हीवर यायचं आणि ते तळहाताएवढ्या काचेवर बघायचं? त्यापेक्षा मी मेलेलो बरा."

"आठला लागेल परत."

"आणि नाही लागली म्हणजे?"

पेईशानने तव्यावर नवी पोळी टाकली. कप्तानांनी नातीला खुर्चीवर बसवलं आणि तरातरा गल्लीच्या तोंडाशी भूमिदेवाच्या देवळात गेले. कौल लावायला. दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. दोन्ही उताण्या पडल्या तर देव नुसता हसला, दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार, एक उताणी आणि एक पालथी पडली तर होकार. आणि असं महत्त्वाचं काही विचारायचं तर होकार लागोपाठ तीनदा यायला हवा. अर्धी गल्ली मागून धावली. थोड्या वेळाने तिकडून असा जल्लोष उठला की बर्फवाल्याच्या हातून लादी निसटली.

कप्तान धापा टाकत परत आले. "तीनदा! लागोपाठ तीनदा! देव हो म्हणाला, पोरी! आता बोल!"

देवाच्या शब्दापुढे माणसाने काय बोलायचं? पेईशानने हात पुसले आणि रिमोट उचलला. खोटं कशाला बोला, तिला स्वतःलाही बघायचं होतंच. होडीवाल्याची लेक, बेटावरून नेसत्या कपड्यांनिशी आलेली, आज साऱ्या तैवानला दिसणार होती. च्याहाओचा फोनही येऊन गेला होता, "मी वाटेत जेवणाच्या थांब्यावर बसलोय टीव्हीसमोर. तूही बघ गं!" तिने पासवर्डचा पहिला आकडा दाबला, दुसरा दाबला. सगळ्यांच्या माना वर.

तेव्हा तिला शेवटच्या टेबलाशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आन-आनने आपली खुर्ची भिंतीकडे वळवली होती. रडली नाही, हट्ट केला नाही, आईकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय वर घेऊन, दोन्ही कानांवर हात ठेवून, भिंतीला तोंड करून बसली. मोठ्यांचं ठरलंय तर आपण आपली सोय करावी, अशा समजूतदारपणाने. पोरीने ओरडून भांडण केलं असतं तर ते पेईशानला परवडलं असतं.

तिने रिमोट अॅप्रनच्या खिशात टाकला.

"काय झालं? उघड ना!"

"नाही उघडत."

"अगं देव हो म्हणतोय!"

"देवाला म्हणावं, खुशाल बघ," पेईशानचा आवाज चढला. "त्याला काय? त्याला ह्या पोरीला रात्री झोपवायला लागत नाही! मला लागतं! जा, समोर जा सगळे, चिन-एचा टीव्ही मोकळा आहे. जा म्हणते ना, पळा, नाहीतर निघून जाईल!"

घड्याळात सात वाजत होते. वाद घालायला वेळ कुणाला होता? खुर्च्या उलटल्या, चपला राहिल्या, आणि सगळी फौज रस्ता ओलांडून सुपारीच्या टपरीवर जाऊन आदळली. कप्तान नातीला काखोटीला मारून सर्वांत पुढे. दुकान रिकामं. ज्या एका क्षणी पेईशान साऱ्या देशाला दिसत होती, त्या क्षणी तिच्या दुकानात ती, तवा आणि भिंतीकडे तोंड केलेली पोर, एवढेच होते.

समोरून आरोळ्या उठल्या. "आला, आला! कप्तान आला!" मग हशा. मग, "ती बघा पेईशान! काय झोकात दिसतेय!" पेईशानने पोळी उलटली. आपण कशा दिसतोय हे बघायची तिला इतकी इच्छा झाली की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी हसूही येत होतं. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या.

आणि एकदम सगळं थांबलं.

मग चिन-एचा आवाज आला, "अरे बंद करा, बंद करा! बटण कुठंय मेलं!"

सगळ्यात आधी कप्तान परतले. टोपी डोक्यावर नव्हती. नात कडेवर, आणि तिच्या डोळ्यांवर त्यांचा मोठा राकट पंजा घट्ट दाबलेला. रस्ता ओलांडून आत आल्यावरही त्यांनी तो काढला नाही.

"तुझं संपलं आणि लगेच..." ते म्हणाले. "मधे काही नाही गं. तुझ्या हसण्यावरून एकदम पुलावर. एक मोटार, आणि एक माणूस..."

पंज्याखालून श्याओ-मीचा आवाज आला, "आजोबा, तो माणूस उठला का?"

वादळात होड्या घरी आणलेल्या माणसाने पंजा आणखीच घट्ट केला.

तेवढ्यात शेवटच्या टेबलाशी आन-आन उठली. तिने शेजारची खुर्ची आपल्या खुर्चीजवळ ओढली, येऊन श्याओ-मीचा हात धरला आणि तिला खाली उतरवलं. "चल, माझ्याजवळ बस," ती म्हणाली. "आमच्याकडे ते लागत नाही. माझी आई लावूच देत नाही. देवालासुद्धा नाही."

पेईशानने तोंड फिरवून तव्याखालची आच उगाचच कमी-जास्त केली. कप्तानांनी नाक शिंकरलं आणि घसा खाकरला.

"ते कुलूप," ते म्हणाले, "नऊपर्यंत करता येतं का गं?"

"करता येतं आबा."

"मग कर." आणि जरा थांबून, "पण ती बदकं नकोत. तो मूर्ख जाळंवाला लाव."

दोघी पोरींनी एक पोळी अर्धी-अर्धी खाल्ली. शाळेची वेळ झाली तशी पेईशानने नेहमीसारखी पिशवी खांद्याला लावली आणि चालत निघायला हात पुढे केला. आन-आनने तो धरला नाही. ती स्कूटरकडे गेली, आणि मागच्या खणातून हेल्मेट काढून स्वतःच डोक्यावर चढवायला लागली. बक्कल लागेना, म्हणून आईकडे हनुवटी वर करून उभी राहिली.

"हळू चालवशील?"

"हळू चालवीन."

पेईशानने बक्कल लावलं. "आबा, तव्याकडे बघा!" ती ओरडली, आणि चुलतजाऊ पोचायच्या आतच कप्तानांनी उलथनं हाती घेऊन पहिली पोळी जाळलीसुद्धा. मागे आरडाओरडा सुरू झाला. स्कूटर गल्लीबाहेर पडली. आन-आनने आईच्या कमरेला अशी घट्ट मिठी मारली होती की पेईशानला नीट श्वास घेता येईना, पण शाळेच्या दारापर्यंत तिने पोरीला हात सैल कर म्हणून सांगितलं नाही.