चाकाशिवायचं मडकं

चंदाबाईंना खरा राग आला तो चाकाचा. इंग्लंडात, लेस्टरच्या कम्युनिटी सेंटरमधल्या मातीकामाच्या वर्गात तिथं राहणाऱ्या मुलानं, सुहासनं, त्यांचं नाव घातलं आणि वर मास्तरणीला कौतुकानं सांगून टाकलं, "वुई आर अ पॉटर फॅमिली!" झालं. तिनं चंदाबाईंना थेट विजेच्या चाकावर बसवलं. सगळा वर्ग बघायला गोळा झाला आणि मातीचा गोळा उडाला तो शेजारच्या आजोबांच्या चष्म्यावर.

लाज वाटलीच, पण त्याहून संताप. सासवडला चाळीस वर्षं त्यांनी खडे वेचले, पायाला भेगा पडेस्तोवर चिखल तुडवला, थापीनं ठोकून मडकी गोल केली, भट्ट्या लावल्या. चाकाला मात्र हात लावायचा नाही! बाईनं शिवलं तर चाक बाटतं, असं सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे बाजारात मडकं कुणाचं, तर नवऱ्याचं, हरिदासचं.

व्हिसाचे दोनच महिने उरले होते आणि पुन्हा यायचं वय नव्हतं. एक तरी मडकं बुडापासून काठापर्यंत आपलं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. तेवढंही जमेना. तीन आठवडे नुसती माती उडाली.

चौथ्या आठवड्यात वर्गातली मादेलेन उठून आली. ही काँगोची, इथल्या हॉस्पिटलात सफाई करून रिटायर झालेली, कोपऱ्यात एकटी बसून काम करणारी. तिनं सरळ चाकाचं बटण बंद केलं.

"माय व्हिलेज, नो व्हील," ती म्हणाली. "क्ले, ओन्ली विमेन. मेन नो टच."

चंदाबाई बघतच राहिल्या. म्हणजे नियम तिथंही होता, फक्त उलटा! मग आपण चाळीस वर्षं कशाला घाबरलो? त्यांना रडू येईना, नुसतं चिडायला झालं.

मादेलेननं मातीच्या लांब वळ्या केल्या, एकावर एक गोल रचल्या आणि वाळक्या भोपळ्याच्या तुकड्यानं आतून घोटल्या. चंदाबाईंच्या बोटांना ते लगेच कळलं. तरी पहिली दोन मडकी भट्टीत तडकली. तिसरं, जायच्या आठवड्यात, धड निघालं. जरा कललेलं, पण धड.

न्यायला आलेल्या सुहासनं ते फिरवून फिरवून पाहिलं. "वॉव आई, एकदम बाबांचा हात वाटतो गं!"

चंदाबाईंनी मडकं त्याच्याकडून काढून घेतलं.

"हात माझा आहे," त्या म्हणाल्या. "बाबांच्या मडक्यांवरही माझाच होता. चल, गाडी उघड."