पिंपावर बसलेली मावशी

डेंग्यूची साथ आली की आम्हा आरोग्यसेविकांना सोलापूरच्या गल्ल्यांतून घरोघरची पाण्याची पिंपं तपासत फिरावं लागतं. त्या दुपारी एक मावशी चक्क पिंपाच्या झाकणावर बसून राहिली. पदर खोचलेला, हात मांडीखाली दाबलेले, नजर मला सोडून रस्त्यावर.

"मावशी, उठा. आत आळ्या झाल्या असतील. पाणी ओतून द्यावं लागेल."

"वतून द्या की! नळाला पानी कवा येनार, त्ये आदी सांगा."

ते मला कुठं ठाऊक होतं? माझ्या घरचा नळही कोरडाच होता. घसा सुकेपर्यंत समजावलं, पण ती हलेना. शेवटी वैतागून म्हणाले, "शेजारचं पोर तापानं दवाखान्यात पडलंय, दिसत नाही का तुम्हाला?"

"त्याच्या कपाळावर पट्ट्या मीच ठिवल्या," ती म्हणाली. "ह्याच पान्याच्या."

मी म्हटलं, ओतायचं नाही, गाळून घेऊ. हे तिला पटलं. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा घागरीच्या तोंडावर धरला आणि मी तांब्यानं पाणी ओतत गेले. कापडावर बारीक आळ्या वळवळू लागल्या. ती वाकून पाहत राहिली.

"ह्येंच्यामुळंच का त्ये पोरगं...?"

मघापासून मी हेच तर सांगत होते. आता मात्र मला 'हो' म्हणवेना.

"कुणाच्या पिंपातला डास, कसं सांगणार मावशी?"

तिनं ते कापड उन्हानं तापलेल्या फरशीवर पसरलं आणि शेवटची आळी वळवळायची थांबेपर्यंत तिथंच अनवाणी उभी राहिली.