दादाच्या हातातला करंट

दादाच्या हाताचा विषय निघाला की मी उठून गोठ्यात जायचो. अशी बरीच वर्षं काढली. घरचे समजतात, पुण्याच्या उपचाराने गुण आला नाही म्हणून आम्ही तो सोडला. तसं नव्हतं. तो मी सोडायला लावला.

दादा माझा थोरला भाऊ. पक्षाघाताने त्याचा उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताने जेवायची त्याला इतकी लाज, की पंगतीला बसणंच बंद केलं. उजव्या हाताने भाकरी मोडता यावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्याच्या एका इस्पितळात नवा उपचार करून बघत होते. हाताला चिकटपट्ट्या लावून नसांना बारीक करंट द्यायचा, आणि त्याच वेळी हात यंत्राला बांधून पुढे-मागे न्यायचा. पैसे घेत नव्हते. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"फुकाट कोण करतंय? आपल्यावर शिकून घेत्यात," आमच्या बोरी गावाहून एसटीने जाताना मी म्हणालो.

"शिकू दे की. हात आला की पयली तुझ्याच कानफटात मारतो," दादा अडखळत म्हणाला आणि स्वतःच हसला.

व्यायाम घेणाऱ्या मॅडम समजावायच्या, "काका, जोर तुम्ही लावायचा. मशीन नुसती मदत करतं." मला पटेना. मॅडम दुसऱ्या पेशंटकडे वळल्या तसं मी कुजबुजलो, "दादा, हात सैल सोड. बघू कोण हलवतंय."

त्याने सोडला. यंत्र जागच्या जागी थांबलं.

"बघितलंस? मीच वढत व्हतो!" त्याचे डोळे भरून आले. माझी धास्ती मात्र वाढली, कारण आमचा शर्यतीचा बैलही एकदा असाच करंटवर, पण स्वतःच्या ताकदीने पळाला होता.

नव्वदच्या दशकात आमचा शर्यतीचा गाडा होता. दादाने वासरापासून वाढवलेला बैल त्याला जुंपायचो. एका यात्रेत, गाडा सुटायच्या आधी, मी त्या बैलाला चोरून बॅटरीचा शॉक दिला. बैल असा सुटला की दादाने फेटा काढून हवेत उडवला. त्यानंतर मात्र तो शर्यतीत कधी पळालाच नाही. जुंपला की उभ्या जागी थरथरायचा. दादा म्हणायचा, नजर लागली.

दादाच्या दंडाची शीर करंटने उडायची, तेव्हा मला बैलाची मांडी दिसायची. वाटायचं, आज हात हलेल आणि करंट काढला की कायमचा जाईल.

"करंट वाईट, दादा. सोडू हे."

"तुला काय ठाव?"

खरं सांगायचं तर बैलाचं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "मॅडम दुसऱ्या डॉक्टरला सांगत व्हत्या. लई दिवस दिला तर नसा जळत्यात. मी माझ्या कानांनी आयकलं."

दादाने माझ्याकडे बघितलं. शंका नव्हती त्याच्या नजरेत. सगळा संशय माझ्याच वाट्याला आला होता. पुढच्या आठवड्यापासून आम्ही गेलो नाही.

वर्षभराने नात्यातल्या एका लग्नात डिंगोरे गावचा एक गृहस्थ भेटला. इस्पितळात तो आमच्या शेजारच्या यंत्रावर असायचा. उपचार त्याने पूर्ण केला होता. पंगतीत तो उजव्या हाताने जेवत होता. बोटं वाकडी पडत होती, भात सांडत होता, पण घास तोंडाशी जात होता. दादाचा हात तेवढा तरी आला असता का, हे मला कुणी सांगू शकणार नाही.

दादा मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "याच्या नसा न्हाई जळाल्या वाटतं."

टोमणा होता की साधं बोलणं, मला आजही कळलेलं नाही. त्यानंतर दादा पुष्कळ वर्षं जगला, पण तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. त्या दिवशी मी त्याच्या शेजारीच उभा होतो. "दादा, मॅडम तसं काही बोलल्या नव्हत्या. मी खोटं बोललो, मला माफ कर," एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही.

"तुला ताट हितंच आणू का?" मी विचारलं.