पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

परवा नातीचा सांगलीहून फोन आला. नोकरी सुरू झाली, भाड्याची खोली मिळाली... आणि दारावरची पाटी आजोबांनीच रंगवून द्यायची, असा हट्ट. मी खूश! मग जरा चाचरत म्हणाली, "आजोबा, नुसतं पहिलंच नाव लिहा. आडनाव नको... शेजारचे विचारत बसतात."

डोकंच फिरलं माझं. तिच्यावर नाही हो... सत्त्याहत्तर सालच्या आसपास एका विहिरीवर जे झालं, ते पुन्हा समोर उभं राहिलं.

मी तेव्हा वडूजला पेंटर होतो. सायकलला डबे अडकवून गावोगाव पाट्या रंगवायचो. अस्पृश्यतेचा कायदा नुकताच आणखी कडक झाला होता आणि जवळच्या एका गावात साहेब तपासणीला येणार होते. सरपंचांनी मला बोलावून घेतलं. विहिरीच्या कठड्यावर लिहायचं होतं, 'ही विहीर सर्व जातिधर्मांच्या लोकांना खुली आहे.'

पांढऱ्या कठड्यावर तांबडी काव कालवून लिहायचं, म्हणजे पाणी लागणारच. मी पोहऱ्याला हात घालणार, तोच सरपंचांचा गडी धावत आला. "आरं आरं, तू न्हाई! मी वततो की." आणि लांबूनच, वरून माझ्या डब्यात पाणी ओतलं... विहीर सर्वांना खुली आहे, हे लिहायला!

तरी गिळलं मी. घरी खाणारी तोंडं होती. भर उन्हात एकेक अक्षर घोटून काढलं आणि सगळे पेंटर करतात तसं खाली कोपऱ्यात बारीक नाव टाकलं... कांबळे पेंटर, वडूज.

सरपंच वाचत वाचत कोपऱ्यापाशी आले आणि थबकले. "ह्ये कशाला लिवलंस रं? पूस ते. इहिरीवर तुजं नाव दिसलं तर बायका पाणी भरतील व्हय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझी बादली पुढे केली. गड्याला वाटलं, नाव पुसायला पाणी मागतोय. त्यानं वरून भरली आणि मी ती अख्खी बादली त्या अक्षरांवर भिरकावली. पाण्यात कालवलेली काव ती... 'सर्व', 'खुली', सगळं ओघळून खाली आलं.

"आरं, उद्या सायबाला काय दावू मी?" सरपंच ओरडले.

"आवं, जे हाय ते दावा की!" म्हणालो आणि सायकल हाणली. पुढं बरीच वर्षं त्या पट्ट्यात मला कुणी काम दिलं नाही.

हे सगळं परवा फोनवर तिला सांगितलं. सांगताना आवाज चढलाच माझा. इतकी वर्षं कायदा आहे आणि शिकल्यासवरलेल्या पोरीनं अजून आडनाव लपवायचं? आणि विचारणारे मान वर करून फिरणार? लाज त्यांना वाटायला पाहिजे ना!

ती म्हणाली, "आजोबा, पूर्ण नाव लिहा. मोठ्या अक्षरात. आणि खाली कोपऱ्यात तुमचंही टाका."

काल पाटी रंगवून झाली. दोन्हीकडचं 'कांबळे' अगदी सरळ आलं.