पाच पोरींची पासबुकं

वयाच्या अकराव्या वर्षी मी दिवसाला चारशे बिड्या वळत होते, आणि त्याचे किती पैसे होतात ते मला माहीत नव्हतं. शाळा तिसरीतच सुटली होती. वीसपर्यंत पाढे पाठ होते, पण ते शाळेतले. त्यांचा घरच्या बिड्यांशी काही संबंध असेल असं कधी मनातच आलं नाही. शनिवारी बिड्या कारखान्यात पोचवल्या की ठेकेदाराचा मुनीम हातावर जे ठेवी ते मी मुठीत घट्ट धरून आणायचे आणि आईच्या पदरात टाकायचे.

तेव्हा आम्ही गोंदियात नवे होतो. बाबा आणि काका, दोघे सख्खे भाऊ, अर्जुनीकडची ठेक्यानं केलेली शेती सोडून इथल्या धानाच्या गिरणीत हमालीला लागले होते. एका अंगणात दोन खोल्या होत्या. एकीत आम्ही, दुसरीत काका आणि काकू. मोहल्ल्यात घरोघरी पोरीबाळी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असत. सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखूची ढिगुली आणि दोऱ्याचं रीळ. आमच्या अंगणात आम्ही पाच जणी बसायचो. सगळ्यांत मोठी पंधरा वर्षांची, मी सगळ्यांत लहान. एक छत्तीसगडी बोलणारी होती, तिचा बाप रेल्वेत होता. ती माझी खास मैत्रीण.

काकूला मूलबाळ नव्हतं. तिचं माहेर नवेगाव बांधाजवळचं. तिथं धानाच्या कोठीची किल्ली लहानपणापासून तिच्याच कमरेला असायची. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण मापात तिला कुणी फसवलं असं कधी झालं नाही. आमच्यासारखीच तीही बिड्या वळायची, पण तिच्या बिड्या काका पोचवून येत, म्हणून ती कारखान्यात कधी गेली नव्हती. एका शनिवारी काका तापानं पडले आणि ती आमच्याबरोबर आली. परत येताना तिनं मला विचारलं,

"किती बिड्या देल्या वं आठ दिवसात?"

"सूपभर. रोजच्या सूपभर."

"सूपभर म्हंजे किती?"

मी दोन्ही हात पसरून सुपाएवढं माप दाखवलं.

"अन् पैशे किती देले त्यानं?"

"मुठीत आहेत."

काकू भर रस्त्यात थांबली. "उघड मूठ," म्हणाली. तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या कडेला उभं राहून तिनं माझ्या तळहातावरचे आणे-पैसे मोजले, मग बाकीच्या चौघींचे. चेहरा तिचा लाल झाला होता, पण आमच्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हात तुमचे, अन् हिशेब त्याचा. असं नाई चालत."

त्या दिवसापासून अंगणात नवा नेम सुरू झाला. संध्याकाळी सूप खाली ठेवायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या जुड्या मोजायच्या. पंचवीस बिड्यांची एक जुडी, चाळीस जुड्यांचा हजार. मी पाटीवर लिहायचे. हजारामागे सात आणे मजुरी, तर माझ्या चोवीसशे बिड्यांचे किती? पहिल्यांदा ते गणित जमवायला मला अर्धी संध्याकाळ लागली. उत्तर आलं तेव्हा मी पाटी घेऊन अंगणभर नाचले. सोळा आणे आणि वर तीन पैसे! मुनीम मला तेरा आण्यांच्या वर कधी देत नव्हता.

पुढच्या शनिवारी काकू मुद्दाम आमच्याबरोबर आली. मुनीम नेहमीसारखा एकेक जुडी उचलून दाबून बघू लागला आणि बऱ्याचशा बाजूला टाकू लागला. या बाजूला टाकलेल्यांना छाट म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत.

"या वाईट आहेत?" काकूनं विचारलं.

"खराब हैं, बाई. ढीली बँधी हैं."

"मंग आमाले वापस दे."

"छाँट कारखाने में जमा होती है."

"जमा करून काय करता? वाईट आहेत ना? मंग मोड. माह्यासमोर मोडून टाक, म्हंजे आमचं मन भरन."

मुनिमानं एक बिडी उचलली, पण मोडवेना त्याला. ती बिडी चांगली होती आणि बाजारात चांगल्या भावानं जाणार होती, हे त्यालाही माहीत होतं आणि आता आम्हालाही. मागं रांगेतल्या बाया पुढं सरकून बघू लागल्या. तो पुटपुटला, आणि मग बाजूला टाकलेल्यांतल्या बहुतेक जुड्या परत चांगल्यांत सरकवल्या. पाच-सहा खरोखरच सैल होत्या, त्या काकूनं स्वतः हातात घेऊन कुणाच्या आहेत ते ओळखलं. दोन माझ्या निघाल्या. घरी येऊन मला त्या उसवून परत वळाव्या लागल्या.

त्या शनिवारी आमची प्रत्येकीची मजुरी दोन-तीन आण्यांनी वाढली. काकू पाचही घरी गेली. आमच्या घरी ती चुलीपुढं बसून आईला म्हणाली, "पैले जेवढे येत होते तेवढे तुह्ये. वर जे आले त्यातला हप्त्याले एक आणा पोरीचा."

आई म्हणाली, "पोरीले पैसा कायले? उद्या लग्न होऊन जाईन."

"जाईन म्हणूनच. सैपाक शिकवून धाडतं ना तिले? हे बी शिकवून धाड."

आईनं तव्यावर भाकरी टाकली. शेवटी भाकरी उलटता उलटता म्हणाली, "एक आणाच हं."

अशी आमच्या डब्ब्याची सुरुवात झाली. तुपाचा एक रिकामा डब्बा काकूच्या खोलीत फळीवर ठेवला. दर शनिवारी पाच जणींचे पाच आणे त्यात पडायचे आणि मी वहीत लिहायचे. दर पुनवेला डब्बा सगळ्यांसमोर अंगणात ओतायचा आणि वहीशी ताडून बघायचा, हाही काकूचाच नेम. आम्हाला ते मोजणं म्हणजे सणासारखं वाटायचं. नाण्यांचे ढीग लावताना मोठी पोर पुन्हा पुन्हा तेच मोजायची, तेवढीच मजा.

सव्वीस शनिवार झाले. एकशेतीस आणे, म्हणजे आठ रुपये दोन आणे. पुनवेला डब्बा ओतला, मी मोजले. परत मोजले. पाच रुपये दोन आणे भरले. तीन रुपये कमी होते.

माझी मैत्रीण रडवेली होऊन म्हणाली, "मोर पइसा कहाँ हे, काकी?"

काकूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उठून खोलीत गेली. गिरणी त्या दिवशी बंद होती, काका आतच होते. दार उघडं होतं, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"डब्ब्यातले तीन रुपये तुमी घेतले?"

"बहिणीच्या पोराच्या लग्नात आहेर केला. घरातलाच डब्बा आहे. देऊन टाकीन ना."

"घरातला नाई तो. पोरींचा आहे."

काका काही तरी म्हणाले, ते नीट ऐकू आलं नाही. काकू बाहेर आली. मला वाटलं, ती आता काही तरी निमित्त सांगेल, उंदीर म्हणेल, चोर म्हणेल. मोठी माणसं तसंच करतात हे मी पाहिलं होतं. पण ती आमच्यामध्ये येऊन बसली आणि सरळ म्हणाली, "पैशे माह्या घरातून गेले. माह्या माणसानं घेतले. राखण माही होती, तवा भरून देणं मलेच आहे." आणि डाव्या हातातला चांदीचा गोट काढून तिनं वहीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन सोनाराकडं गेली. गोट विकला, तीन रुपये डब्ब्यात टाकले, वरचे स्वतःकडं ठेवले. मला वहीत लिहायला लावलं. लिहिताना मी बाहीनं डोळे पुसत होते. ती म्हणाली, "रडून नको राहू. आज यायनं घेतले, उद्या माहीच नियत फिरली त? पैसा अशा जागी पायजे का जिथून माह्यासारखीलेही न विचारता काढता नाई येणार."

ती जागा म्हणजे पोस्ट. गिरणीतल्या कुणाकडून तरी तिनं ऐकलं होतं की पोस्टात गरिबाचेही पैसे ठेवून घेतात आणि वर व्याज देतात. त्याच आठवड्यात एका सकाळी काकू आणि आम्ही पाच जणी अंघोळी करून, डोक्याला तेल लावून, डब्बा घेऊन पोस्टात गेलो. खिडकीमागच्या बाबूनं आधी आम्हाला काही मागायला आलेल्या समजून हातानंच जा म्हटलं. काकूनं डब्बा खिडकीत ठेवला.

"खातं काढाचं आहे. पाच."

"पाँच? किसके नाम?"

"याह्यच्या. एकेकीच्या."

बाबूनं चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. मग त्यानं पाच कागद काढले आणि सांगितलं, पोरी अजून सज्ञान नाहीत, प्रत्येकीच्या बापाचा अंगठा लागेल. पाचही बाप कामावर. आम्ही तोंडं पाडून परतलो.

अंगणात काका बसले होते, त्या दिवशी ते कामावर गेले नव्हते. गोट विकल्यापासून ते काकूशी धड बोलत नव्हते, तिच्या मोकळ्या मनगटाकडं मात्र चोरून बघायचे. काय झालं ते कळल्यावर त्यांनी माझ्या हातातले कागद घेतले आणि तडक निघून गेले. चार बाप गिरणीतलेच होते, पाचवा रेल्वेच्या रुळांवर पार पुढच्या गावाकडं. काका त्याच्याकडं चालत गेले. दिवस मावळायला परतले तेव्हा पायाला फोड आले होते आणि पाचही कागदांवर अंगठे होते. कागद त्यांनी काकूच्या हातात दिले. काकूनं पायांवर घालायला कढत पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी बाबूनं खिडकीतून शाईची गादी पुढं केली. चौघींनी अंगठे लावले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी सही करते."

"करना आता है? हर बार ऐसी ही करनी पड़ेगी, नहीं तो पैसा नहीं निकलेगा."

मी टाक घेतला. टाकानं मी कधीच लिहिलं नव्हतं, पाटीवरची आणि वहीतली पेन्सिलच माहीत. श्वास रोखून मी माझं नाव आणि बाबांचं नाव लिहिलं. शेवटच्या अक्षराला शाईचा थेंब पडला, पण नाव स्पष्ट होतं. बाबूनं कागद उचलून पाहिला, आणि शेजारच्या बाबूलाही दाखवला. मग त्यानं माझं पासबुक माझ्याच हातात दिलं. एक रुपया दहा आणे. मला वाटलं, माझी उंची वाढली. काकू मागं उभी होती, तिनं पदरानं माझ्या बोटाची शाई पुसली.

परतीच्या वाटेवर चौघींनी मला धरलं, आम्हालाही सही शिकव. पावसाळ्यापर्यंत चौघी शिकल्या. काकूही शिकली. तिची सही वेडीवाकडी, डावीकडं झुकलेली, पण तिनं पोस्टात सहावं खातं काढलं ते त्या सहीवर.

पुढच्या वर्षी पुसात, म्हणजे पौषात, नवं धान आलं तेव्हा, आमच्या पासबुकात प्रत्येकीचे पाचाच्या आसपास रुपये होते. काकू म्हणाली, अर्धे काढा, अर्ध्यांना हात लावायचा नाही. पावसाळ्यात आमच्या घरी कोपऱ्यावरच्या दुकानातून शेर-शेर तांदूळ यायचा, तोही दुकानदार सांगेल त्या भावानं. आता धान स्वस्त होतं, तर एकेक पोतं अर्जुनीहून घ्यायचं ठरलं. अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेगाडीनं जायचं म्हटल्यावर पाचही जणी उड्या मारू लागल्या.

"आधी गाडीभाड्याचा हिशेब कर," काकूनं मला सांगितलं. मी सहा जणींची जाऊन-येऊन तिकिटं आणि पोत्यांचं भाडं मांडलं. धान गोंदियातल्यापेक्षा महाग पडत होतं. मी सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं. तिघींची तिकिटं धरली तर मात्र चांगला फायदा होता. कोण जाणार यावरून रडारड झाली. शेवटी काकू, मी आणि माझी मैत्रीण गेलो, आणि मागं राहिलेल्या तिघींनी आमच्या त्या दिवसाच्या बिड्या वळून द्यायच्या असं त्यांनीच आपसात ठरवलं. ते मला आजही फार मोठं वाटतं.

अर्जुनीच्या बाजारात काकूचा भाऊ धान घेऊन आला होता. मला वाटलं, आता काही बोलायला नको, घरचंच माणूस. पण काकूनं मलाच पुढं केलं. मी दाणा दाताखाली धरला, कट्कन फुटला, म्हणजे वाळलेला. मूठभर धान फुंकून पाहिलं, पोचट फार नव्हतं. मग भाव बोलले. मामा, म्हणजे काकूचे भाऊ, हसायला लागले.

"बाई, हे पोरगी त माह्या पोटावर पाय देऊन राहिली!"

"तिच्याशीच बोल," काकू म्हणाली. "पैशे तिचे आहेत."

पायलीमागं थोडं कमी करून त्यांनी धान मोजून दिलं. काकूनं पायली काठोकाठ भरली की नाही ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं, सख्खा भाऊ असूनही.

गोंदियाला उतरलो तेव्हा बाबा, काका आणि गिरणीतले दोघे स्टेशनवर उभे होते. बाबांनी एकेका पोत्याची गाठ पाहिली. प्रत्येकीच्या पोत्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती, माझ्या पोत्याला हिरवी. त्यांनी ते पाठीवर घेतलं. फाटकापाशी ओळखीच्या एका हमालानं विचारलं, "किसका माल है, भाऊ?"

रोज गिरणीची पोती नेताना बाबा त्याला कुणा ना कुणा शेठचं नाव सांगत.

"माह्या पोरीचं," ते म्हणाले, आणि वाट सोडायला सांगून पुढं चालू लागले. मी पासबुक छातीशी धरून त्यांच्यामागं होते. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा हळू चालले, मोहल्ल्यातल्या मोठ्या रस्त्यानं, जो आमच्या घराला लांबचा पडायचा.